गालातली ज्येष्ठमधाची कांडी

वैशालीचा फोन आला तेव्हा मी नागपुरात बेस्यातल्या घरी चहा टाकत होते. "आई गेली," ती अगदी हळू म्हणाली. त्या घरात कुणी हळू बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. सगळ्यांत मोठा आवाज अर्थात तिच्या आईचा, म्हणजे माझ्या शांताकाकूचा.

काका अचानक गेले, तेव्हा कळमना बाजारातलं संत्र्यांचं अडतीचं दुकान आता बंद होणार, असं सगळे धरून चालले होते. लिलाव पुकारणार कोण? काकू म्हणाली, "मी." पहिल्याच दिवशी दुसऱ्या ढिगाशी तिचा आवाज फाटला. "काकू, घरी जाऊन आराम करा," कुणीतरी म्हणालं आणि व्यापारी हसले. पुकारणारा नसला की शेतकरी आपला माल दुसरीकडे उतरवतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ती घशाला बरं वाटावं म्हणून गालात ज्येष्ठमधाची कांडी धरून आली. आता गालात कांडी असताना ओरडता येतं होय? ती हळूच पुकारू लागली. मागच्यांना ऐकू येईना, ते पुढे सरकले, आणि पुढचे एकमेकांवर खेकसले, "गप बसा ना गा, काकू काय बोलून राहिल्या ते ऐकू द्या!" सगळ्या शेडमध्ये कल्ला आणि काकूच्या ढिगाभोवती चिडीचूप. भाव चढत गेला. दुकान टिकलं, नुसतं टिकलं नाही, गाजलं! मी एकदा विचारलं, ओरडावंसं वाटत नाही का गं? "ओरडाले घर आहे ना वं!"

माझ्या मुलानं परदेशातून ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या आणल्या होत्या. तिनं एक तोंडात टाकली, डोळे मिटले आणि थेट खिडकीबाहेर थुंकली. "डांबर आहे हे! चांगल्या मुळीचं काहून असं वाटोळं करतात गा?" पाकीट मात्र फेकलं नाही. नकोशा पाहुण्यांना त्यातली एक मिळायची. मलाही एकदा मिळाली, तेव्हा जरा लागलंच.

पुढे बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी ज्येष्ठमध बंद करायला लावला. काकूनं मुकाट्यानं ऐकलं, बहुधा जन्मात पहिल्यांदा, आणि लिलाव वैशालीकडे सोपवला. वैशालीनं माइक आणला. काकूनं नाक मुरडलं, पण कांड्यांची स्टीलची डबी दुकानातल्या गादीजवळच राहू दिली.

तेरवीनंतर वैशाली पुन्हा दुकानी उभी राहिली, तेव्हा मी सोबत होते. तिनं माइक तोंडाशी नेला... आवाजच फुटेना. व्यापारी खाली पाहू लागले. मग तिनं माइक बाजूला ठेवला, डबी उघडली, एक कांडी गालात धरली आणि हळूच म्हणाली, "बोला..."

मागून एक म्हातारा व्यापारी जुन्या सवयीनं खेकसला, "गप बसा ना गा, काकू बोलून राहिल्या!"

त्याला कुणीच दुरुस्त केलं नाही. सगळे पुढे सरकले.