अर्ध्यावर अडलेली कादंबरी

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. त्यासाठी ज्यांचे आभार मानावेत अशी माणसं बरीच आहेत, पण अकरावीला मराठी शिकवणाऱ्या बाईंचं ऋण वेगळंच. त्या तासिका तत्त्वावर होत्या. घेतील तेवढ्या तासांचा पगार, आणि उद्यापासून येऊ नका म्हटलं की संपलं. तरीही दर शनिवारी त्या आम्हाला पाठ्यपुस्तकाबाहेरची एक कादंबरी वाचून दाखवायच्या.

कादंबरीतला नवरा सैन्यात असतो आणि इकडे त्याच्या बायकोचा दुसऱ्या माणसात जीव गुंततो. फलटणकडचं आमचं गाव फौजींचं. माझे वडीलही तेव्हा सीमेवर होते. निम्मी कादंबरी वाचून झाली आणि कुणीतरी तिच्यातल्या एका पानाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. सोमवारी शाळेत पालकांची बैठक बसली.

"आमी बर्फात उभं ऱ्हायचं आन् तुमी पोरींना ह्ये शिकवायचं, व्हय?" निवृत्त सुभेदार कडाडले. "पुस्तक बंद करा, न्हाईतर आमाला दुसऱ्या बाई द्या."

मुख्याध्यापक टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. बाई म्हणाल्या, "बंद करते. पण आधी पूर्ण ऐका. एका पानावरून तिचा न्याय करू नका."

कुणी ऐकेना. तेवढ्यात आई उठली. वर्गात ऐकलेलं मी दर आठवड्याला घरी तिला सांगायचे, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

"आवं भावजी, लावल्याली पोथी अर्धी ठिवत्यात का?"

"वैनी, ही काय पोथी हाय?"

"नसंना. पर श्रावणात तुमीच सांगता न्हवं, मधनं उठलं की दोष लागतो म्हून? मग आमच्या पोरींना कशापायी लावताय?"

हशा पिकला. गावात दर श्रावणात पोथी लावणारे सुभेदारच! तेही मिशीत हसले. "बरं. पर मीबी बसणार. शेवट वंगाळ निघाला तर बघा, बाई."

उरलेले शनिवार ते मागच्या बाकावर बसले. आईही यायची. शेवटच्या पानांत ती बायको रजेवर आलेल्या नवऱ्याला आपल्या तोंडानं सगळं सांगते आणि संसार मोडतो. बाईंनी पुस्तक मिटलं.

"तिनं सांगाय नगं हुतं," सुभेदार म्हणाले. "गप ऱ्हायली आसती तर संसार टिकला आसता."

"तसला संसार तुमास्नी चालंल," आई म्हणाली. "तिला न्हाई चालला."

दोघं फाटकापर्यंत भांडत गेले. पुस्तक बंद करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. बाई आमच्या बारावीलाही होत्या.

कादंबरी संपली त्या आठवड्यात वडिलांचा फोन आला. आईने त्यांना ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मी शेजारीच बसले होते. बायको नवऱ्याला सगळं सांगते तिथपर्यंत ती आली. मग त्यांनी विचारलं, "आन् त्यो फौजी काय म्हणाला?"

आई सांगू लागली. त्या दोघांना एकमेकांशी इतका वेळ बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ते मला बाईंमुळे ऐकायला मिळालं.