टेलरबाईंची रोजची दहा वाक्यं

टेलरबाईंना अर्धांगाचा झटका आला तो कापड बेतताना. हातपाय महिनाभरात ठिकाणावर आले, जीभ मात्र रुसून बसली. ज्या बाईच्या तोंडाला बाजारातले भलेभले वचकून असत, ती आता पाणी हवं असलं की 'सुई' म्हणे. आणि आपण चुकलो हे तिला लगेच कळे. वाईट होतं ते हे.

इस्पितळातून कार्डांचा गठ्ठा मिळाला. एका कार्डावर एक साधा शब्द, त्याचं बाईंनी वाक्य करायचं. रोज दहा. शिकवायला नणंद बसली, शाळेतून निवृत्त झालेली. दोघींचं आयुष्यभर विळ्याभोपळ्याचं सख्य. पण दुसऱ्या कोणाला धीर नव्हता, त्याला काय करणार?

"वहिनी, 'बादली'."

"बादली... गळते."

"शाब्बास! 'डोकं'?"

"डोकं... वन्सं खातात."

"वाक्य बरोबर आहे," म्हणत नणंदेनं टिक केली.

मुलानं मधल्या काळात बाईंचं शिवणाचं दुकान विकायचं ठरवून टाकलं. शिलाई मशिनं, कापायचं टेबल, सगळ्यासकट. मुलगा वाईट नव्हता. चांगल्या मुलांना आईचं भलं फार घाईनं करायचं असतं, इतकंच. हे सगळं तो बाईंच्या देखत फोनवर बोले, जणू जिभेबरोबर कानही गेले होते. हात चालत होते, डोळे शाबूत होते. दुकान गेलं तर त्या हातांनी करायचं काय?

गुरुवारी दुपारी मुलगा कौतुकानं जवळ येऊन बसला. बाईंनी गठ्ठा स्वतः चाळला आणि एक कार्ड वर काढलं. 'दुकान'.

"दुकान... माझं. विकू... नको."

"वा, आई! चार शब्द! आत्या, टिक कर."

आणि त्या शिकलेल्या बाईनं खरोखरच टिक केली!

बाईंनी दुसरं कार्ड काढलं. "किल्ली... दे."

"मस्त! आता जरा लांब कर. किल्ली कोणाला दे?"

बाईंनी सगळी कार्डं टेबलावरून उधळून दिली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं. कार्डं वेचता वेचता नणंद थबकली.

"अरे गाढवा, ही अभ्यास करत नाहीये. आपल्याशी बोलतेय!"

मुलाचा चेहरा उतरला. "पण आत्या, तिला झेपेल का आता?"

"मला काय विचारतोस? ती समोर बसलीय."

दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं आईकडे बघून विचारलं, "आई, जमेल तुला?"

बाई शब्द शोधत राहिल्या. सुचवायचा मोह नणंदेनं कसा आवरला, तिलाच ठाऊक.

"हळू... जमेल."

"आणि दुकान घेणाऱ्या माणसाला मी काय सांगू? शब्द दिलाय."

"फोन... लाव. मी... सांगते."

"तू?"

"लाव रे," आत्या खेकसली.

त्यानं लावला. पलीकडून 'हॅलो, हॅलो' सुरू झालं. बाईंनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मुलानं फोन घ्यायला हात पुढे केला, तो त्यांनी कोपरानं बाजूला सारला.

"दुकान," त्या म्हणाल्या, "विकायचं नाही."