घंटीला बांधलेलं फडकं

आबा गेले ते सकाळी सव्वाअकरा ते साडेअकराच्या मधे. नेमकी वेळ मला सांगता येत नाही, कारण मी दर पंधरा मिनिटांनी बघून येत असे. सव्वाअकराला त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली होती, साडेअकराला श्वास नव्हता. उशालगतची दोरी तशीच लोंबत होती. त्यांनी ती ओढलीच नव्हती... दीड महिना झाला, मला हे गिळता आलेलं नाही.

अर्धांगवायूनं आबांची, माझ्या वडिलांची, उजवी बाजू गेली, आवाजही खोल गेला, तेव्हा मी बेंगळुरूची नोकरी घरून करायची परवानगी घेऊन गावी, डोंगरकड्याला आले. आई आधीच गेलेली, भाऊ परदेशात. महिन्यासाठी आले आणि पाच वर्षं अडकले. आमच्या जुन्या बैलाच्या गळ्यातली घंटी माझ्या टेबलावर टांगली, तिची दोरी चौकटीवरून आबांच्या खाटेपर्यंत नेली. आबा ती केव्हाही ओढत. धावत जावं तर म्हणत, "काई न्हाई. हाईस का, ते पाहून राहिलो." मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, त्या घंटीचा मला दावणीसारखा जाच व्हायचा.

माझं कामही हाकांचंच, हा योग बघा. संगणक एका कामात गुंतलेला असतो, तेवढ्यात कळफलक किंवा नेटवर्क कार्ड मधेच हाक मारतं. मग कर्नलनं, म्हणजे संगणकाच्या कारभाऱ्यानं, हातातलं जिथल्या तिथे ठेवून तिकडे धावायचं आणि परत येऊन तिथूनच पुढे सुरू करायचं. खरं यंत्र आपल्याला हव्या त्या क्षणी हाक मारत नाही, म्हणून मी खोट्या हाका तयार करून कारभाऱ्याची परीक्षा घेते. नाजूक कामापुरत्या हाका रोखताही येतात. पण क्षणभरच, आणि रोखलेली हाक लक्षात ठेवून नंतर तिच्याकडे जावंच लागतं. एकदा अशी रोखलेली एक हाक कुठेतरी हरवत होती. तीन दिवस चूक सापडेना, त्यात आबांची घंटी. चौथ्या दिवशी मी घंटीच्या लोलकाला फडकं गुंडाळलं. तासाभरासाठी.

चूक सापडली. आनंदात सहकाऱ्यांना फोन केले, चहा टाकला, आणि कप घेऊन आबांकडे गेले तेव्हा तीन तास होऊन गेले होते. अंथरूण भिजलेलं. डाव्या हाताला दोरीचे इतके वेढे की बोटं सुजलेली.

"झालं का बाई तुझं काम?" त्यांनी विचारलं.

"आबा, मी घंटी बांधून ठेवली होती."

"व्हय. वाजंना, तवाच वळखलं. म्हनलं, लेकराला काम असंल."

त्यानंतर आबांनी दोरीला हात लावला नाही. मी फडकं सोडलं, पाया पडले, उगाच ओढा म्हणून विनवलं; ते नुसते हसायचे. म्हणून मग दर पंधरा मिनिटांनी मीच जाऊ लागले. रुसले होते की मला मोकळं करत होते, हे विचारायचं राहून गेलं.

आता सगळे म्हणतात, सुटलीस, बेंगळुरूला जा. बॅग भरून ठेवली आहे. पण पंधरा मिनिटं झाली की पाय आपोआप त्या खोलीकडे वळतात. परवा अशीच गेले आणि त्यांच्या खाटेवर आडवी झाले. डाव्या हातानं दोरी ओढून पाहिली. माझ्या खोलीत घंटी खणखणीत वाजली, आणि मी दाराकडे बघत पडून राहिले...