सायरबाईंच्या हातची सुई

मी पुष्पाबाई, धरणगावची निवृत्त नर्स. शेजारच्या सायरबाईंशी माझं तीस वर्षांचं गोड भांडण. त्या जैन; चातुर्मासात त्यांची लिलोत्री बंद, म्हणजे हिरवं खाणं नाही आणि पान तोडणं तर नाहीच. मुंगीलाही वाट देणारी बाई. पण माया अशी करते, की समोरचा गुदमरावा.

त्यांच्या सुनेची, रूपलची, दोन बाळं पोटातच गेली. जळगावच्या डॉक्टरांनी कारण शोधलं : अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. रक्ताच्या गुठळ्या वारेत अडकतात, बाळाचं पोषण तुटतं. म्हणून या खेपेला रोज संध्याकाळी पोटावर रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन. ते द्यायला मी जायचे.

सातव्या महिन्यात सायरबाईंनी मला दारातूनच परत पाठवलं. "आज नको, झोपलीय." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या सकाळी बघते, तर माझ्या परसातल्या पपईची कोवळी पानं गायब. माझं डोकंच फिरलं. तशीच सायरबाईंच्या घरात शिरले.

"आमनी पपईना पाला कोनी तोडा?"

सायरबाई खलबत्ता पुढ्यात घेऊन रडत होत्या. "मी तोडला. चातुर्मासात, ह्या हातांनी." रूपलच्या प्लेटलेट बहात्तर हजारांवर आल्या होत्या. पुतण्याच्या डेंग्यूत अशाच उतरलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या; तेव्हा पपईच्या पाल्याचा रस पाजला होता. "रक्त आधीच पातळ झालंय, वर तुमची सुई कशी देऊ देऊ?" इंजेक्शनं त्यांनी कपाटात कुलपात घातली होती.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "या आजारात प्लेटलेट उतरतात, तरी गुठळ्यांचा धोका जात नाही," ते म्हणाले. "एवढ्यावर इंजेक्शन थांबवायचं नव्हतं. पाला राहू द्या, ताबडतोब घेऊन या."

आम्ही तिघी लगेच जळगावला निघालो. सोनोग्राफीच्या खोलीत बाळाचे ठोके ऐकू आले, तेव्हा आधी रडले ती मीच.

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या हातून सुई मागून घेतली. "बंद मी केली, देईनही मीच." मी शिकवलं. त्यांनी रूपलच्या पोटाची चिमूट धरली आणि सुई दिली. क्षमा मागायच्या संवत्सरीला अजून बारा दिवस होते; सायरबाई थांबल्या नाहीत. सुनेच्या पोटापुढे डोकं वाकवून म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडं."

"माफ केलं, मम्मी," रूपल म्हणाली. "पण उद्याही तुम्हीच द्या."

रूपलची लेक चेलना कार्तिकात झाली. तोवर रोज सुई सायरबाईंनीच दिली.