शेवटचा हात

शालूबाई कासारणीचा हट्ट सांगलीच्या पेठेत सगळ्यांना ठाऊक होता: सवाष्णीचा हात ती रिकामा परत पाठवत नसे. त्र्याहत्तर साली गावातल्या हौशी मंडळींनी एक ग्रीक नाटक मराठीत बसवलं. युद्ध संपलेलं, नगर जळालेलं, पुरुष मेलेले. उरलेल्या बायका शेवटी रंगमंचावर बांगड्या फोडतात. बांगड्या भरायला शालूबाईला बोलावणं आलं. तिनं दिग्दर्शकाला बजावलं, "खेळ असंल तुमचा. पण खेळ संपल्यावर एकीलाबी उघड्या हातानं घरी जाऊ द्यायची न्हाई मी!"

रविवारी दुपारी प्रयोग झाला. विंगेत बसून तिनं रंगमंचावर सोडलेल्या निळ्या धुरातून काच फुटताना ऐकली. कृष्णेच्या तळाशी कुणी खडे हलवावेत, तसा तो आवाज कुठूनतरी खोलातून येत होता. पडदा पडला तरी ती त्या धुरातच होती. नटलेल्या बायका एकेक करून समोर बसत होत्या. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी ती हिरव्या बांगड्या चढवत होती आणि प्रत्येकीला तेच म्हणत होती, "हात सैल सोड, पोरी."

मग तिनं ओढलेला हात खरखरीत लागला, उसाच्या पातीनं चिरलेला. तिनं डोळे उघडले. बांगड्यांची टोपली उचलायला आलेली तिची सून लीला समोर बसली होती. दोन वर्षांपूर्वी लढाईत शालूबाईचा मुलगा ज्ञानू पडल्याची तार आली, तेव्हा लीलाच्या बांगड्या शालूबाईनंच फोडल्या होत्या.

लीलानं हात मागं घेतला नाही.

शालूबाईनं टोपलीतून एक हिरवी बांगडी उचलली.

"हात सैल सोड, पोरी."