मोळीपूजनाचं तीर्थ

मी गाणी बांधतो, डफावर म्हणतो आणि बिदागी म्हणून रोपं मागून घेतो. ती नदीकाठी लावत माझं अर्धं आयुष्य गेलं. यंदा वरच्या अंगाच्या साखर कारखान्यानं मळीचं पाणी नदीत सोडलं. मासे मेले, माझी करंजाची रोपं जळाली. मग मी त्यावरच गाणं बांधलं आणि गावोगाव म्हणत सुटलो.

तरी उसाचं गळीत सुरू होताना मोळीपूजनाला गायला कारखान्यानं मलाच बोलावलं. चेअरमन कानाशी लागून म्हणाले, "शाहीर, आज नदीचं गाणं तेवढं नको." मी मान डोलावली.

पूजेच्या कलशाला नदीचं पाणी लागतं. ते मीच आणलं होतं, कारखान्याचा नाला नदीला मिळतो तिथून. वर नारळ होता तोवर कुणाला वास आला नाही. पूजा उरकल्यावर मी नारळ उचलला आणि पळीभर काळं पाणी तीर्थासाठी पुढं झालेल्या चेअरमनांच्या तळहातावर ओतलं.

माईकवर म्हणालो, "साहेब, एवढं तीर्थ पिऊन दावा. पुन्यांदा ते गाणं म्हणणार न्हाई."

सगळा मांडव त्यांच्याकडं बघत होता. चेअरमननी हात रुमालाला पुसला.

मी डफ उचलला.