लाल पिशवीतली दाढ

म्वांझा शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात, आमच्या दातांच्या खोलीत, न्यामिझी एकोणीस वर्षं मदतनीस आहे. बाई शिस्तीची. दात भरताना उरलेला चांदीसारखा चुरा, म्हणजे पाऱ्याचं मिश्रण, ती बरणीत पाण्याखाली ठेवते. कोणी तो बेसिनमध्ये टाकला तर डॉक्टरलाही सोडत नाही. काढलेले दात मात्र लाल पिशवीत. अंगातून निघालं ते जाळायचं, असंच तिला शिकवलेलं. मी तिथे खुर्च्या पुसते. मला तरी कुठे शंका आली!

मंगळवारी भिंतीवर नवा नियम लागला: चांदीने भरलेला दात जाळू नये, पारा धुरात जातो. न्यामिझीने तो दोनदा वाचला, मग उगाच कपाटं उघडत-लावत सुटली.

"किती गं असे दात जाळले गेले असतील?" तिने मला विचारलं.

मी आठवण दिली: सकाळीच एक भरलेली दाढ निघाली होती, आणि पिशवी कचरा जाळायच्या भट्टीकडे गेली होती.

ती धावली, मी मागे. भट्टीवाला म्हातारा, शिगेला त्याचं नाव, नेहमीसारखा धुरातच बसलेला, किटली तापल्या पत्र्यावर. त्या किटलीतलाच चहा आम्ही रोज प्यायचो. वर्षभर त्याचे हात कापतायत, अर्धा कप सांडतो. त्यावरून आम्ही त्याला चिडवायचोसुद्धा.

"म्झे, ती पिशवी टाकू नका!" न्यामिझी ओरडली. वडीलधाऱ्याला आम्ही मानाने म्झे म्हणतो.

"अगं, टाकतच होतो. चहा घे आधी."

तिने हातमोजे घालून पिशवी उपसली, दाढ शोधून काढली.

"एका दाढेपायी एवढी धावपळ?" तो हसला.

"एक नाही, म्झे. एकोणीस वर्षांच्या. मीच पाठवत होते. त्यांत पारा होता, धुरातून तुमच्या अंगात गेला असेल."

त्याने हात पुढे धरून पाहिले.

"मी म्हणत होतो, वय झालं."

"वयानेही असेल. मला माहीत नाही."

ती रडायला लागली. खोटं बोलली असती तर बरं, असं मला वाटलं, आणि स्वतःचीच चीड आली. शिगेलाने किटलीतला चहा मातीत ओतला.

दुसऱ्या दिवशी एकेक दात तपासून ती स्वतःच पिशवी घेऊन गेली. इतकी वर्षं तो "दे पोरी" म्हणत तिच्या हातातून पिशवी घ्यायचा. आज दोन पावलं मागे सरला.

"खाली ठेव," म्हणाला. "मी उचलतो."